लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा क्लेम अडकला असेल तर

ताई, आईंचा ओव्हरीचा कॅन्सर पुन्हा डोकं वर काढतोय, डॉक्टरांनी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन सांगितलंय आणि विम्यावाले 'नॅनो आहे, प्रायोगिक आहे' म्हणून कॅशलेस देत नाहीत, हे वाचून राहवलं नाही. आमच्या वहिनींच्या वेळी वडोदऱ्यात अगदी हेच झालं. मी डॉक्टर नाही, डोसचं तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा.

प्रायोगिक कसलं? चरबीच्या सूक्ष्म कोषात भरलेलं हे औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं, ओव्हरीच्या कॅन्सरसाठी १९९९ मध्ये. २०१२ मध्ये तिकडे तुटवडा पडला तेव्हा सन फार्माचं लिपोडॉक्स, म्हणजे हेच औषध, त्यांनी इथून मागवलं होतं. त्या कंपनीचं संशोधन केंद्र आपल्याच वडोदऱ्यातल्या तांदळज्यात आहे! साधारण १०० नॅनोमीटरचे हे कोष गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून आत झिरपतात, हृदयाच्या स्नायूत कमी शिरतात. साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला धोका कमी असतो तो म्हणून. तरी हृदयाची इको तपासणी चुकवू नका.

आता वहिनींच्या वेळच्या त्या विमा ऑफिसबद्दल. नाव घेत नाही. रोज एकच कागद मागायचे. तो दिला की दुसरा. बायोप्सी, मग जुन्या केमोचे कागद, मग 'साहेब नथी, काले आवजो' (साहेब नाहीत, उद्या या). आणि नकार सगळा तोंडी. वरचे लोक म्हणायचे, नकाराचं पत्र आणा, मग बघू. खालचे म्हणायचे, आम्ही नाकारलंच कुठे! या खेळात केमोची तारीख पुढे गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: पहिल्याच दिवशी ईमेल करा आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारताय ते लेखी मागा. बहुधा 'अनप्रूव्हन ट्रीटमेंट' म्हणतील. ते कलम परिणामकारकतेचा वैद्यकीय पुरावाच पुरेसा नसलेल्या उपचारांसाठी आहे. डॉक्टरांच्या पत्रात औषधाचं पूर्ण नाव, आधी कोणती केमो झाली आणि हेच का, एवढं हवं. नुसतं 'नॅनो थेरपी' लिहिलेलं पत्र परत करा. बिलातही 'लायपोसोमल' छापून घ्या, नाहीतर साध्याचा दर लावतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून महिन्याभरात दाद लागली नाही तर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही. पॉलिसीगणिक अटी वेगळ्या, तेवढं बघून घ्या.

तुम्ही व्हिडिओतल्या त्या नॅनोकॅप्सूलचंही विचारलंय, स्कॅनमध्ये गाठ दाखवणाऱ्या आणि तिथेच औषध सोडणाऱ्या. ते बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चाललंय. २०१६ च्या एका आढाव्यात, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, स्पष्टच बोलतोय.

जाता जाता: हे औषध डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) मिसळतात, मिठाच्या सलाईनमध्ये नाही. साध्या डॉक्सोरुबिसिनशी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अदलाबदल होत नाही, म्हणून मेडिकलवाल्याने 'तेच आहे' म्हटलं तरी घेऊ नका. लघवी लालसर झाली तर घाबरू नका. तळहात-तळपाय सोलवटू शकतात, गरम पाण्यात भांडी घासणं आणि घट्ट चपला काही दिवस बंद. वहिनींना घरात सुती मोजे बरे पडले.