पोह्यांवर लिंबू, आणि पाठोपाठ चहा?

वाचकांचे प्रश्न : आहार

प्रश्न : माझे वय 38. रोज सकाळी पोहे होतात, वर लिंबू पिळते. पालक-मेथीही आठवड्यातून तीनदा असते. तरी हिमोग्लोबिन 9.8 आले. पोह्यांत लोह असते म्हणतात, मग ते जाते कुठे?
— एक गृहिणी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पोह्यांनंतर चहा किती वेळाने घेता, हे तुम्ही लिहिलेले नाही. इंदुरात बहुतेक घरी पोह्यांची बशी आणि चहाचा कप एकाच वेळी समोर येतात, म्हणून तुमच्याकडेही तसेच असेल असे धरून लिहितो.

आधी हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पोह्यांत साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते. एका बशीला कोरडे पोहे 50 ग्रॅम लागले, तर हाती आले सव्वादोन मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीसाठी रोजची शिफारस आहे 29 मिलिग्रॅम. म्हणजे पोह्यांची कीर्ती जरा जास्तच आहे. पालकाचेही तसेच. 100 ग्रॅमला तीन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलेही फार थोडे शोषले जाते.

शरीराला प्रत्यक्षात दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅमच लोह लागते. धान्य-डाळी-भाज्यांतले बरेचसे लोह न शोषता बाहेर पडते, म्हणून शिफारशीचा आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो. लोह शोषले जाते ते जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला. वनस्पतींतले लोह फेरिक रूपात असते. आतड्याच्या पेशी ते फेरस रूपातच आत घेतात. लिंबातले क जीवनसत्त्व हा बदल घडवते आणि लोह विरघळलेले ठेवते. चहातली टॅनिन नेमके उलटे करतात. ती लोहाला धरून त्याचा न विरघळणारा साका करतात. कडक चहा जेवणाबरोबर घेतला तर शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. दूध घातल्याने हा दोष जातो असे समजू नका, दुधातले कॅल्शियमही लोहाच्या आड येते. लिंबाने कमावलेले चहाने घालवले, असा प्रकार.

तेव्हा चहा पोह्यांच्या आधी किंवा नंतर निदान एक तास दूर न्या. लिंबू बशीत पिळा. कढईत पिळून पोहे तासभर वाफेवर ठेवले तर आंबटपणा राहतो, क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने घटत जाते. अर्ध्या लिंबातून ते मिळते थोडेच, म्हणून सोबत अर्धा पेरू किंवा आवळा असेल तर फार बरे. मटकी, हरभरे भिजवून मोड आणा. लोह अडवणारे फायटेट त्याने कमी होते. अळीव लोहाचे चांगले आहेत, पण दुधातल्या खिरीपेक्षा ओल्या नारळातला लाडू करावा.

एवढे करूनही 9.8 चे 12 नुसत्या खाण्याने होणे अवघड. 12 च्या खाली म्हणजे स्त्रियांत रक्तक्षय. डॉक्टरांकडून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा किती ते, तपासून घ्या. पाळीत जास्त रक्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हेही पाहायला हवे. गळके भांडे भरत बसण्यात अर्थ नाही. लोहाची गोळी दिली तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. मळमळले तर गोळी सोडण्यापेक्षा जेवणानंतर घ्या. आणि हिमोग्लोबिन 12 झाले की लगेच थांबवू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. रक्त आधी सुधारते, साठा मागाहून भरतो. त्याला साधारण तीन महिने आणखी लागतात.

प्रश्न : गाजराचा रस घ्यावा की कोशिंबीर खावी?
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : कोशिंबीर, आणि तीही फोडणीची. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, पण ते तेलात विरघळणारे आहे. चमचाभर तेल हवेच. शिवाय रस गाळताना चोथा फेकला जातो, तो वेगळाच.

प्रश्न : चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाते, तरी दोन तासांत भूक लागते आणि झोपही येते. असे का?
— रामबाग, इंदूर

उत्तर : साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. प्रथिने शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही नाहीत, तंतू नावालाच. त्याची साखर भराभर रक्तात येते, इन्सुलिन तिला तितक्याच भराभर खाली आणते. एका माणसाला 50 ग्रॅम साबुदाण्यात 30 ग्रॅम दाण्याचे कूट घाला, सात-आठ ग्रॅम प्रथिने तिथेच मिळतात. वर वाटीभर दही. बटाटा मात्र कमी करा, तोही स्टार्चच. पुढच्या चतुर्थीला राजगिऱ्याचे थालीपीठ करून पाहा, त्यात प्रथिने साबुदाण्याच्या कितीतरी पट आहेत.

प्रश्न : सासूबाई 67 वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी. मधुमेहाची गोळी चालू आहे. पायाला मुंग्या येतात, बी-12 कमी निघाले. रोज मोडाचे मूग आणि ताक देते. पुरेल ना?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. मुगात बी-12 नसतेच, मोड आणले तरी नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते प्राणिज अन्नातून येते. शाकाहारी घरात म्हणजे दूध-दही-पनीर. अर्धा लिटर दुधात साधारण दोन मायक्रोग्रॅम, गरज 2.2 ची. पातळ ताकाच्या पेल्यात दही किती असते ते तुम्हीच पाहा.

वयाचा प्रश्न त्याहून मोठा. अन्नातले बी-12 प्रथिनांना चिकटलेले असते, ते सोडवायला जठरात आम्ल लागते आणि वयाबरोबर ते कमी होत जाते. सुटलेले बी-12 जठरातल्याच एका खास प्रथिनाच्या आधाराने लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषले जाते. औषधातले बी-12 सुटेच असते, त्याला आम्लाची गरज नाही. म्हणून दूध वाढवूनही आकडा हलत नाही, तेव्हा औषधाने हलतो. मुंग्या येत आहेत, म्हणजे नसांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. घरगुती उपायांत महिने घालवलेत तर तो कायमचा राहू शकतो. गोळी की इंजेक्शन, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. दुकानातून नुसते फॉलिक अ‍ॅसिड आणून देऊ नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो, नसांची हानी मात्र चालूच राहते. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन आहे का, तेही पाहा. ती बरीच वर्षे घेतली की बी-12 कमी होऊ शकते. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तिचेही तसेच. दोन्ही गोळ्यांची पाने डॉक्टरांकडे सोबत न्या, पण त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.