सोलापुरात प्रशिक्षण केंद्रातल्या मुलांची समुपदेशक म्हणून नोकरी घ्यावी का?

मानसशास्त्रात एम.ए. झालंय, शाळा सुटलेल्या आणि निरीक्षणगृहातून आलेल्या मुलांच्या प्रशिक्षण केंद्रात नोकरी चालून आलीये, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात मी 7 वर्षं हेच काम करतेय. नक्की घ्या. पण मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: माझी नोंदवही कोण कोण वाचणार?

आमच्याकडे मोटार वाइंडिंग, वायरमनचं काम आणि शिवण शिकवतात. मुलं 16 ते 21 वयाची. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू नाहीतर कन्नड. मुलगा दोन दिवस आला नाही की मास्तर काळजीनेच विचारतात, "मॅडम, काय झालं त्याला?" पहिल्या वर्षी मी सांगून बसले की वडील दारू पिऊन त्याला रात्री घराबाहेर काढतात. चार दिवसांत शेडमधल्या पोरांनी त्याला त्यावरून चिडवलं. तो गेला तो परत आलाच नाही. ते अजून टोचतं. आता मी मास्तरांना कामापुरतंच सांगते: "दोन आठवडे त्याला उशीर होईल, हजेरी कापू नका."

उलट "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. जिवाला धोका असेल तरी गप्प बसता येत नाही. हे मी पहिल्याच दिवशी, मुलाने तोंड उघडायच्या आत सांगते.

खोलीत समोरासमोर बसवलं की ही मुलं जमिनीकडे बघत बसतात. म्हणून मी वाइंडिंगच्या टेबलाजवळ स्टूल टाकते. तांब्याची तार गुंडाळताना फेरे मोजावे लागतात. मोजणी चुकली की सगळं उलगडायचं. एक मुलगा सारखा चुकायचा आणि हातातलं आपटायचा. मास्तर म्हणायचे, लक्ष नाही. शेजारी बसले तेव्हा दिसलं की पाठीमागचं दार वाजलं की तो दचकतो आणि आकडा हरवतो. त्याची जागा बदलली, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. दुसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "मॅडम, तेलुगूत मोजलं तर चालतं का?" ती कॉइल पूर्ण झाली. दाराचं कारण त्याने पुढे महिन्याभराने सांगितलं, तेही तार गुंडाळता गुंडाळताच.

पहिला स्टायपेंड मिळतो तो आठवडा फार जपा. आमच्याकडे सगळ्यात जास्त मुलं तेव्हाच गायब होतात. पैसे घरी कोण काढून घेतं, हे आधीच बोलून ठेवावं लागतं. मुलाच्या स्वतःच्या नावावर खातं काढून द्यायचं मी तेव्हाच बघते.

नुसत्या एम.ए.वर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवू नका, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नशा किंवा आत्महत्येचे विचार दिसले तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात मुलासोबत स्वतः जा, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाला पाठ करायला लावा.

आणि नोंदींच्या कपाटाला किल्ल्या किती आहेत, तेही विचारून घ्या. आमच्याकडे दोन होत्या. दुसरी माझ्या हातात यायला दीड वर्ष लागलं.