वाचक विचारतात : कुठला सिनेमा ते नंतर, आधी कुणासोबत ते बघा

मागच्या अंकात मित्रमैत्रिणी जमवून विसरलेले मराठी सिनेमे बघण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही शाळेपासूनचे मित्र, सगळे चाळिशी ओलांडलेले, नाशिकला असतो. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि पिक्चर लावतो, पण दर वेळी तेच ते पाठ झालेले कॉमेडी. मी एकदा लोक फार नावाजतात असा जुना पिक्चर लावला तर अर्ध्या तासात निम्मे मोबाईलमध्ये आणि एक जण घोरायला लागला. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : नमस्कार. पहिली गोष्ट म्हणजे "नावाजलेला आहे म्हणून बघूया" असं सांगून कधीच लावू नका, त्याने माणूस आधीच शाळेत बसल्यासारखा बसतो. तुमच्या ग्रुपला जो नट आधीच आवडतो त्याला धरा आणि त्याच्या मागे मागे जा. मी निळूभाऊ फुल्यांपासून सुरू करेन. आपल्या पिढीच्या डोक्यात निळूभाऊ म्हणजे वाड्यावरचा पाटील, एवढंच बसलंय, पण 'सामना' लावून बघा. 1974 चा, जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलला स्पर्धेत होता. त्यात निळूभाऊ साखरसम्राट हिंदूराव आणि समोर डॉ. श्रीराम लागू दारूत बुडालेले मास्तर. मास्तर एकच प्रश्न धरून बसतात, मारुती कांबळेचं काय झालं, आणि तो प्रश्न ऐकताना हिंदूरावाच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते बघायचं, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. मग पुढच्या महिन्यात 'सिंहासन', 1979 चा, परत जब्बार पटेल आणि परत तेंडुलकर, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. इथे तोच माणूस पत्रकार दिगू टिपणीस झालाय, गप्प, सगळं बघणारा, सत्ता ज्याच्या हातात नाही असा. दोन्ही लागोपाठ बघितले की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, लोक आपणहून बोलायला लागतात की अरे हा तोच माणूस आहे का.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे तुमच्याकडे पाठ आहेच ना, तर मग 'एक होता विदूषक' बघितलाच पाहिजे. 1992 चा, पुलंनी लिहिलेला, महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत, तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला एक सोंगाड्या फडातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात कसा ओढला जातो त्याची गोष्ट. तेव्हा लोकांना लक्ष्या म्हणजे दर दोन मिनिटांनी हशा असं हवं होतं आणि हा सिनेमा ते देत नव्हता, म्हणून तो बाजूला पडला असं माझं मत आहे. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि दुःख एकाच वेळी कसं राहायचं हे मला या सिनेमातच दिसलं, आणि मराठी प्रेक्षकांनी त्यांना असं काम परत परत करायची संधी द्यायला हवी होती असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता खरं सांगायचं ते. घोरणाऱ्या मित्राला दोष देऊ नका. बाजूला पडलेले सिनेमे बहुतेक वेळा कुठल्यातरी एका जगात खोल शिरलेले असतात आणि ते जग माहीत असलेला एक जरी माणूस खोलीत असेल ना, तर सिनेमा उघडतो, नाहीतर दार बंदच राहतं. आमच्या ग्रुपमध्ये 'गाभ्रीचा पाऊस' बघितला होता, सतीश मनवरांचा, 2009 चा. विदर्भातलं गाव, शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली, त्यामुळे अलकाला भीती की आपला किसनाही काही करून घेईल, म्हणून ती त्याच्या मागे पोराला लावून देते आणि घरात गोडधोड करायला लागते. आम्ही शहरातले सगळे ते गोडधोड बघून हसलो, सिनेमा हसवतोही. पण आमच्यातली एक मैत्रीण यवतमाळकडची, ती हसलीच नाही. नंतर ती दुबार पेरणीबद्दल बोलायला लागली, बियाण्याचे पैसे एकदा मातीत गेल्यावर दुसऱ्यांदा कुणाकडे मागायचे, घरात तेव्हा कोण कुणाशी कसं बोलतं, बाई नवऱ्याला सरळ विचारू का शकत नाही. त्यानंतर आम्ही तोच सिनेमा परत लावला आणि तो वेगळाच निघाला. म्हणून म्हणते, सिनेमांची यादी करायच्या आधी तुमच्या मित्रांची यादी करा. कुणाचे वडील साखर कारखान्यात होते, कुणाचं आजोळ कुठलं, कोण युनियनमध्ये होतं. 'सामना'च्या दिवशी कारखान्याच्या गावातल्या मित्राला नक्की बोलवा.

प्रश्न : हाय ताई, आम्ही पुण्यात हॉस्टेलला राहणाऱ्या मुली, थर्ड इयर. ब्लॅक अँड व्हाइट नको, आणि दोन तासांपेक्षा लांबही नको प्लीज. लोकांनी मिस केलेलं, जरा जवळच्या काळातलं काही?

उत्तर : तुमच्यासाठी 'गंध', सचिन कुंडलकरांचा, 2009 चा. वेगवेगळ्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्हीत वास महत्त्वाचा, पहिलीत लग्नाच्या वयाची मुलगी, दुसरीत औषधं घेणारा माणूस, तिसरीत पाळीमुळे बाजूला बसलेली बाई. एकेका गोष्टीनंतर थांबवा आणि बोला, मग पुढची लावा. तिसऱ्या गोष्टीनंतर तुमच्याकडे बोलायला खूप असेल, कुणाच्या घरी अजून बाजूला बसवतात, कुणाच्या घरी आजीपर्यंत होतं आणि मग कसं बंद झालं, हे मैत्रिणींनाही एकमेकींचं माहीत नसतं.

आणि मग 'विहीर', उमेश कुलकर्णींचा, तोही त्याच सुमाराचा. समीर आणि नचिकेत दोघे नात्यातले भाऊ, सुट्टीत आजोळी भेटणारे, आणि एक जण जातो. मागे राहिलेला मुलगा त्याला शोधत राहतो, एवढंच. अशा वयातल्या मुलाचं दुःख मराठीत इतक्या धीराने मी दुसरीकडे बघितलेलं नाही. फक्त एक करा, तुमच्यातल्या कुणाचं जवळचं माणूस नुकतं गेलं असेल तर आधी तिला विषय सांगा आणि तिला नको असेल तर दुसरा लावा.

प्रश्न : आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, पार्ले-अंधेरी भागातला, नवराबायका मिळून. 'कुंकू' बघितला आणि नंतर जेवणाच्या टेबलवर जे भांडण झालं ते विचारू नका. दोन जण म्हणाले 1937 च्या मानाने केवढा धाडसी, माझी बायको म्हणाली शेवटी म्हाताऱ्याला महान करून मुलीला परत त्याच्याच उपकारात ठेवलंय, यात कसलं धाडस. वातावरण इतकं तापलं की पुढच्या वेळचं अजून ठरलेलं नाही. चूक कोण?

उत्तर : अहो, हे भांडण झालं ही फार चांगली गोष्ट आहे, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आज टेबलवर भांडण लावतोय. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शांतारामबापूंचा म्हणजे व्ही. शांतारामांचा, प्रभात फिल्म कंपनीचा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, हिंदीत तोच 'दुनिया न माने' म्हणून आला. नीरा नावाच्या मुलीचं, म्हणजे शांता आपटे, फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावतात, आणि ती हे लग्न मानायलाच नकार देते. काकासाहेबांचं काम केशवराव दात्यांनी केलंय. शेवटी काकासाहेबांना स्वतःची चूक कळते आणि ते जीव देतात, म्हणजे नीरा मोकळी होते.

तुमच्या बायकोचं म्हणणं मला पटतं. नीराची सुटका नीराच्या हाताने होत नाही, काकासाहेबांच्या पश्चात्तापाने होते, आणि शेवटी सहानुभूती त्यांच्याकडे वळते. पण त्या दोघांचंही अर्धं खरं आहे, कारण शेवटच्या आधीचा सगळा सिनेमा तिचा आहे. ती रडत बसत नाही, ती घरात राहून रोज नाही म्हणते, हा नकार पडद्यावर इतका वेळ टिकवणं सोपं नव्हतं. तेव्हा कायद्याने तिला काय करता आलं असतं हे पण बोला ना, हिंदू बाईला घटस्फोटाचा रस्ता देशभर मिळाला तो 1955 च्या कायद्याने, मुंबई प्रांतात त्याआधी 1947 ला, म्हणजे लेखक-दिग्दर्शकाला तिला मोकळं करायचं तर मार्ग थोडेच होते. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी वकील असेल तर पुढच्या वेळी त्यांना बोलवा, हे बोलणं वेगळ्या पातळीवर जाईल.

आणि एक, भांडणात सगळे शेवटावरच अडकतात म्हणून सिनेमा कसा बनवलाय ते राहून जातं. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाहीये, जो आवाज येतो तो त्या घरातला, त्या वस्तूंचा, ग्रामोफोन असेल तर ग्रामोफोनचा. घड्याळाकडे लक्ष द्या, म्हाताऱ्याचं घड्याळ काय काय करतं ते बघा. आम्ही एक नियम पाळतो, पिक्चर संपला की आधी प्रत्येकाने आपल्याला लक्षात राहिलेली एक जागा सांगायची, एक दृश्य, एक आवाज, काहीही, आणि ती फेरी पूर्ण झाल्यावरच चांगलं-वाईट. त्याने भांडण थांबत नाही, थांबूही नये, पण मग भांडताना लोक सिनेमातल्या गोष्टी धरून भांडतात, एकमेकांचे स्वभाव धरून नाही. पुढची तारीख बायकोलाच ठरवू द्या.

प्रश्न : ताई, हे सगळं ठीक पण हे पिक्चर मिळतात कुठे? मी सांगलीचा. शोधायला गेलं की एकतर मिळत नाहीत किंवा इतकी खराब कॉपी असते की तोंडं ओळखू येत नाहीत. एवढं आपलं वैभव आणि जपलं का नाही कुणी?

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे. पण जपणारे होते आणि आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 ला सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य त्यात घातलं. देशभर फिरून डबे गोळा केले, फाळक्यांच्या फिल्म त्यांच्या घरच्यांकडून मिळवल्या. तरीसुद्धा 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिली आणि शेवटची रीळच उरलीत. बाबूराव पेंटरांचा 1925 चा 'सावकारी पाश', शेतकरी आणि सावकाराची गोष्ट, ज्यात तरुण शांतारामबापूंनी काम केलं होतं, तो तर आपल्याला कधीच बघता येणार नाही, पेंटरांनीच 1936 ला परत केलेल्या बोलपटावर समाधान मानायचं. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही, शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता यायची म्हणून लोकांनीच कितीतरी रिळं वितळवली. त्यात 8 जानेवारी 2003 ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्मसुद्धा त्यात गेल्या. हे वाचून मला आजही त्रास होतो.

आता मिळवायचं कसं. पुण्यात संग्रहालयाच्या थिएटरमध्ये खेळ होतात त्यावर लक्ष ठेवा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, सांगली-कोल्हापूरकडेही फिल्म सोसायटी चालवणारी मंडळी आहेत, त्यांना गाठा, मेंबर व्हा. ओटीटीवर आणि निर्मात्यांनी स्वतः टाकलेले काही सिनेमे यूट्यूबवर मिळतात, ते बघा. चोरून टाकलेली कॉपी ग्रुपवर फिरवू नका, नवीन सिनेमांच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण छोट्या निर्मात्याचं कंबरडं तिथेच मोडतं. आणि एक काम तुम्ही सांगलीत बसून करू शकता. जुन्या थिएटरमध्ये, वितरकाच्या माळ्यावर, कुणाच्या काकांच्या गोदामात फिल्मचे डबे अजून सापडतात. सापडले तर उघडायचे नाहीत, रीळ उलगडायची नाही, उन्हात ठेवायचं नाही, विस्तवापासून लांब ठेवायचं, डब्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढायचा आणि संग्रहालयाला कळवायचं. पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका, लॉबीकार्ड (थिएटरबाहेर लावायचे सिनेमातले फोटो) सुद्धा, रद्दीत नाही घालायचं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, तीन मराठी घरं. माझी आई साताऱ्याला एकटी असते, तिला पण आमच्या सिनेमाच्या गप्पांत यायचंय. वेळेचं गणित जमत नाही. आणि तिला कुठला आवडेल?

उत्तर : एकत्र बसून बघायचा हट्ट सोडा. सगळ्यांनी आपापल्या सवडीने बघायचा आणि तुमच्या शनिवारी सकाळी, म्हणजे आईच्या संध्याकाळी, फक्त बोलायला कॉलवर यायचं. पहिला 'दोघी' ठेवा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, 1995 चा. लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा अपघातात जातो, मग गावात त्या मुलीला कुणी करून घेत नाही, आणि घर चालवायला तिला मुंबईला पाठवतात, तिथे तिच्यावर काय वेळ येते आणि ती परत आल्यावर घरचे तिच्याशी कसे वागतात. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि आईच्या कामात उत्तरा बावकर, तिघींनी केवढं काम केलंय. सुमित्राताई सामाजिक कामातून सिनेमात आल्या आणि ते त्यांच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं. विषय जड आहे हे आईला आधी सांगा, पण तिला झेपणार नाही असं तुम्हीच ठरवून टाकू नका. आणि कॉलवर तुमची तिन्ही घरं सुरू होण्याआधी आईला बोलू द्या, मध्ये बोलू नका, तिने तिच्या काळात अशी घरं बघितलेली असतील, तुम्ही ती बघितलेली नाहीत.