फक्त माथेरानला घोड्यावर बसलेय, वय ४३, डोंगरात चार-पाच दिवस घोड्यावरून फिरणं झेपेल का?

ताई, झेपेल. पण तयारीला दोन महिने द्या, नुसतं बुकिंग करून जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लातूरच्या, माथेरानला एकदा अर्धा तास घोड्यावर बसलात तेवढंच, आणि आता काश्मीर किंवा किर्गिझस्तानला घोड्यावरून डोंगर फिरायचेत, तर आधी काय शिकायचं आणि अंगाला सोसेल का. मी सोलापूरची. मागच्या जुलैत, वय ४६ असताना, किर्गिझस्तानात सोंग-कुल नावाच्या तळ्यापर्यंत तीन दिवस घोड्यावरून जाऊन आले, त्याच्या सहा महिने आधीपर्यंत मलाही लगाम कसा धरतात ते माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सगळे विचारतात पडलो तर काय, दुखेल का, आणि ते विचारायलाच पाहिजे, पण आपल्याला नीट बसता आलं नाही तर त्याचं पहिलं दुखणं घोड्याला होतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी मी अर्ध्या दिवसाचा घोडा घेतला होता, पूर्ण वेळ पोत्यासारखी आदळत बसले, घोडा सारखे कान मागे पाडत होता आणि मधेच थांबत होता, मला वाटलं हट्टी आहे. परत आल्यावर त्या माणसाने खोगीर काढलं, खालची गादी उचलली, आणि मान संपते तिथे जो उंचवटा असतो त्याच्यावर रुपयाएवढी कातडी गेलेली, लालभडक, त्याला गादीची लोकर चिकटलेली. तो म्हणाला होतं ताई असं, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच गादी परत टाकली. मी काही बोलले नाही, पैसे दिले आणि निघाले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. लहानपणापासून आषाढीला वाखरीचं रिंगण बघितलेलं, माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारी आम्ही माणसं, आणि तिथे मी तशाच जखमेवर तीन तास बसून आले. म्हणून ठरवलं, आता बसायचं तर शिकूनच.

शिकायला सोलापुरातच सोय झाली. दादाच्या एका मित्राचं मंगळवेढा रोडला शेत आहे, त्याने हौसेने दोन घोडे पाळलेत, त्यातली एक घोडी भीमथडी, बुटकी पण काटक. ही आपल्या भीमेच्या खोऱ्यातलीच जात, मराठ्यांच्या फौजेत हीच तट्टं असायची आणि धनगरांचा वाडा हलतो तेव्हा भांडी, पोरं, कोंबड्या सगळं अजूनही यांच्याच पाठीवर जातं. फेब्रुवारी आणि मार्च, दर शनिवार-रविवार सकाळी सहाला जायचे, कारण आपल्याकडे नऊनंतर ना माणसाचं डोकं चालत ना घोड्याचं. पहिल्या दोन दिवशी त्याने मला बसूच दिलं नाही, नुसता खरारा करायला, म्हणजे ब्रशने अंग घासायला लावलं, खूर उचलून आतला खडा-माती काढायला लावली, तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, कसा आवळायचा ते दाखवलं. तेव्हा वाटलं उगाच वेळ घालवतोय, पण डोंगरात त्याचाच उपयोग झाला. उदाहरणार्थ तंग. आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तो सैल होतो आणि परत आवळावा लागतो, नाहीतर चढावर खोगीर मागे किंवा बाजूला सरकतं.

बसायला लागल्यावर कळलं की साधी चाल कुणालाही जमते, माथेरानला आपण तेवढंच करतो. खरी परीक्षा दुडकीला, म्हणजे हळू पळायच्या चालीला. घोडा दुडक्या चालीने निघाला की दोन-दोन पायांच्या तालात आपल्याला वर फेकतो, तेव्हा त्या तालावर उठायचं-बसायचं, एक-दोन, एक-दोन. हे जमलं नाही तर प्रत्येक पावलाला तुमचं सगळं वजन त्याच्या कण्यावर आपटतं आणि तुमचीही कंबर संध्याकाळपर्यंत जाते. मला जमायला पाच रविवार लागले. रिकीब, म्हणजे पाय अडकवायची कडी, किती लांब ठेवायची त्याचं सोपं माप आहे, बोटांची टोकं खोगिराला लावून हात सरळ धरला की रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे, मग वर बसून एखादं भोक इकडे-तिकडे. आखूड ठेवली तर गुडघे गेलेच म्हणून समजा. पाऊल रिकिबीत पुढच्या चवड्यापर्यंतच घालायचं, टाच खाली, म्हणजे पडलाच तर पाय सुटून येतो, अडकून फरफट होत नाही. ह्याच कारणासाठी जाड खाचांच्या तळव्याचे ट्रेकिंगचे बूट घोड्यावर नकोत, सपाट तळव्याचे आणि थोडी टाच असलेले बघा.

लातूरला कुणी शिकवणारं नाही मिळालं तर दिवाळीनंतर अकलूजचा घोडेबाजार भरतो तिथे एक दिवस जाऊन या, घोडे पाळणारी माणसं एकाच जागी भेटतात, आणि घोडं बघायची नजरही तिथेच तयार होते.

अंगाचं म्हणाल तर दुखतंच. मांड्यांची आतली बाजू आणि बसायची हाडं. मी रोज सूर्यनमस्कार, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं आणि बिल्डिंगचे चार मजले वर-खाली एवढंच करत होते, पण दोन महिने चुकवलं नाही. वजनही बघा. ढोबळ हिशोब असा धरतात की खोगीर आणि सामान धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये. डोंगरातला बुटका घोडा साडेतीनशे किलोचा धरला तर सत्तर किलोत सगळं आलं. मी चार किलो कमी करून गेले आणि बुकिंग करताना खरं वजन सांगितलं, म्हणून त्यांनी मला त्या मानाने दणकट घोडा दिला. ताई, इथे लाजू नका.

आता काश्मीर की किर्गिझस्तान. काश्मीरला पहलगामवरून आरू, लिद्दरवट असं जाता येतं, निसर्गाला तोड नाही, भाषेची अडचण नाही, पण तिथे बहुतेक वेळा घोडेवाला दोरी धरून पायी चालतो, तुम्ही फक्त बसायचं. भीती जास्त असेल तर ते उत्तमच. मला लगाम स्वतःच्या हातात हवा होता. किर्गिझस्तानात पहिल्या मिनिटापासून तो तुमच्याच हातात असतो, आणि तोही एकाच हातात, गाईड आपल्या घोड्यावर पुढे निघतो. चालायला 'चू' म्हणायचं, थांबायला 'द्र्र्र'. तिथला घोडा तेवढ्यावर ऐकतो.

मी कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि दिल्लीहून विमानाने बिश्केक, तीन-साडेतीन तासांत पोचवतं, घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. व्हिसा ऑनलाइन निघतो. बिश्केकहून कोचकोर साधारण २०० किलोमीटर गाडीने, तिथून क्यझार्ट गाव, तिथे घोडे. पहिला दिवस चार तास, रात्री किलेमचेच्या कुरणात युर्तमध्ये मुक्काम, म्हणजे ती लोकरीच्या नमद्याची गोल घरं. दुसऱ्या दिवशी साधारण ३४०० मीटरची खिंड चढून पलीकडे तळं, आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने परत. सीझन जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच, त्याच्यानंतर माणसं जनावरं घेऊन खाली उतरतात.

उंची हलक्यात घेऊ नका. मी सोलापुरात साडेचारशे मीटरवर राहणारी आणि ते तळं ३०१६ मीटरवर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. मला पहिल्या रात्री डोकं जड झालं, भरपूर पाणी पिऊन सकाळी उतरलं. बीपी वगैरे असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच जा. इन्शुरन्स काढाल तेव्हा त्यात घोडेस्वारी आणि ३००० मीटरच्या वरची उंची धरलीय का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत दोन्ही नसतं. हेल्मेट स्वतःचं न्या, तिकडे मिळेलच असं नाही.

थंडी म्हणजे काय ते सोलापूरच्या माणसाला सांगून कळणार नाही. जुलैत दुपारी ऊन होतं, तीन वाजता गारा, आणि पहाटे बाहेरच्या बादलीवर बर्फाची साय. मी आपली सोलापुरी चादर नेलेली, तीन रजयांच्या वर तीसुद्धा लागली. तिथे तळ्याकाठी एक झाड नाही, त्यामुळे शेगडीत वाळलेलं शेण जाळतात, त्या धुराचा वास आला आणि मला आजीच्या गोवऱ्यांची चूल आठवली, डोळ्यात पाणीच आलं. रेनकोट मात्र घोड्यावर बसून घालू नका, त्याच्या फडफडीने घोडा बुजतो, खाली उतरून घाला. जीन्स अजिबात नको, आतली शिवण मांडी सोलून काढते, खाली सायकलवाल्यांची घट्ट चड्डी आणि वर साधी ट्रॅक पॅन्ट, आणि व्हॅसलीन.

तुम्ही शाकाहारी असाल तर जेवणाचं आधीच कळवा. मटणाचं राज्य आहे तिथे. मला पाव, साय, जॅम, बटाटे, चहा मिळत राहिलं, आणि घरून नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी, तीन दिवस काही झालं नाही त्यांना. घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस तिथे पाहुण्याला देतातच, आंबट, धुरकट, किंचित नशेचं असतं. मी दोन घोट घेतले, पुरे झाले. आमच्या युर्तची मालकीण मात्र माझी शेंगा चटणी पावावरच्या सायीत घालून खायला लागली, जाताना उरलेली पुडी तिलाच दिली.

वाटेतल्या काही गोष्टी लक्षात ठेवा. चढाला पुढे वाकायचं आणि लगाम सैल सोडायचा, त्याला मान हलवायला जागा लागते. उतार फार तीव्र असेल तर सरळ खाली उतरून पायी चला, तुमच्याही गुडघ्यांना बरं आणि त्याच्या पाठीलाही. ओढा ओलांडताना पाण्याकडे बघू नका, पलीकडच्या काठाकडे बघा. तो मान खाली घालून वास घेईल, पाय टाकून बघेल, त्याला वेळ द्या, ओढू नका. मी एकदा घाबरून लगाम खेचला आणि तो पाण्यात मधोमध उभाच राहिला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठेही गेलात तरी पहिल्या सकाळी खोगीर चढवायच्या आधी स्वतः घोड्याजवळ जा. पाठीवरून सपाट हात फिरवा, मानेच्या मागच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत. तो दचकला, कातडी थरथरली, पाठ खाली घातली, जखम किंवा सूज लागली तर नको म्हणा, दुसरा मागा. पैसे भरलेत म्हणून गप्प बसू नका. चांगली माणसं चिडत नाहीत. मी हात फिरवत होते तेव्हा आमचा गाईड लांब उभा राहून बघत होता, मग जवळ येऊन स्वतःच घोड्याचे चारही खूर उचलून दाखवले.

माझा घोडा तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली गावात पोचलो तेव्हा मी गाईडला खुणेने सांगितलं की खोगीर मी काढते. तंग सोडला, खोगीर उतरवलं, गादी उचलली. घामाचा ओला डाग दोन्ही बाजूंना सारखाच, मधे कण्यावरून बोटभर कोरडी पट्टी, कुठे एक केस उडालेला नाही. म्हणजे वजन तीन दिवस दोन्हीकडे सारखं पडलं होतं. गाईडने वाकून बघितलं आणि नुसता अंगठा वर केला. लगाम काढल्यावर तो टिळेवाला चार पावलं गेला, गवतात धपकन बसला आणि चारही पाय वर करून मनसोक्त लोळला.