पऱ्याचा नकाशा काढणारी लेक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही राजापूर तालुक्यातून लिहिलंय की लेक बारावी सायन्सला आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरच्या, तळ्यापासून खाली खाडीला मिळणाऱ्या पऱ्यापर्यंतचा (ओढ्यापर्यंतचा) नकाशा तिने स्वतः हिंडून काढलाय आणि तिला जमीन मोजून नकाशे करण्याच्या याच क्षेत्रात जायचंय. घरचे म्हणतात, मोजणीचं काम मुलीला झेपायचं नाही, आणि आता उपग्रहच सगळं दाखवतो.

उपग्रहाचं आधी बोलू. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर उंचीची जी माहिती मोफत मिळते, तिचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. तुमचा पऱ्या असेल चार-पाच हात रुंद, वर गर्द झाडी. तिथे उपग्रहाच्या फोटोंवरून येणारी उंची बहुतेक झाडांच्या शेंड्यांची असते, जमिनीची नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 टोपोशीटवर, म्हणजे भूभागाच्या छापील नकाशावर, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) सहसा दर 20 मीटर उंचीला एक अशा असतात. सपाट सड्यावर अशा दोन रेषांच्या मधे अख्खं तळं मावतं. त्याचं पाणी नेमकं कुठल्या अंगाला उतरतं, हे जागेवर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावलं की कळतं. तिथे पाणलोटाची, म्हणजे जिथलं पाणी एकाच ओढ्याला उतरतं त्या भागाची, हद्द चुकली, की पाण्याचा हिशेब चुकतो. मग रस्त्याखालची मोरी अरुंद होते, बंधाऱ्याचा सांडवा (जादा पाणी सोडायची वाट) अपुरा पडतो. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोकणाला जागेवर जाऊन मोजणारी माणसं हवीच आहेत.

काम कष्टाचं आहे, हे लपवत नाही. मे महिन्याच्या उन्हात तिपाई खांद्यावर घेऊन चढण चढावी लागते. पण जी मुलगी हौसेने पऱ्याच्या काठाने उगमापर्यंत गेली, तिला झेपेल का, हे मी तरी विचारणार नाही.

गणित मात्र सोडू देऊ नका. सिव्हिल इंजिनिअरिंग, किंवा भूगोल-भूशास्त्रात बीएस्सी आणि पुढे जिओइन्फर्मेटिक्स (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचं शास्त्र), असे दोन सरळ रस्ते आहेत. तिच्यासाठी माझी पसंती सिव्हिलला, कारण भूमी अभिलेख, जलसंधारण, खासगी सर्वेक्षण ही सगळी दारं उघडी राहतात. पदवीनंतर देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास शिकवणारी संस्था) विचार करता येईल. लवकर कमावणं गरजेचं असेल, तर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेडही कमी प्रतीचा समजू नका.

महागडा सर्टिफिकेट कोर्स आत्ता लावू नका. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. परीक्षा झाली की तिने आपला नकाशा त्यात चढवावा आणि टोपोशीटशी ताडून पाहावा: पऱ्याशी समोच्च रेषेचं टोक उगमाकडे वळलेलं दिसायला हवं. जिथे जुळत नाही, तिथे पुन्हा जाऊन बघावं. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. नकाशाचा फोटोही सोबत पाठवा.