शांतता अध्ययनाची पदवी आणि ‘मूळ विषय कोणता?’ हा शेरा

शांतता व संघर्ष अध्ययनात एम.ए. केल्यानंतर नागपुरात पीएच.डी.साठी दिलेला अर्ज ‘मूळ विषय कोणता?’ असा शेरा मारून परत आला, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला माझी जुनी फाईल आठवली. संघर्ष का होतात व कसे मिटतात हे अनेक शाखांच्या आधारे पाहणाऱ्या या विषयाची ओळख आपल्याला करून देण्याची गरज नाही, म्हणून अडचणीविषयीच लिहितो.

माझी फाईल जेथे अडली त्या कार्यालयाचे नाव येथे घेत नाही. तेथे समकक्षतेचे पत्र, म्हणजे ही पदवी एखाद्या मूळ विषयाच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचे पत्र, मागितले जाई, परंतु ते कोणी द्यायचे हे कोणी सांगत नसे. राज्यशास्त्राची फाईल पाहणारे समाजशास्त्राकडे पाठवीत, समाजशास्त्राचे पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडे, आणि हे सारे तोंडी. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, हे अशा टेबलांना पक्के ठाऊक असते. म्हणून पुढचा अर्ज आवक क्रमांकासह पोच घेऊनच द्यावा, सोबत अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत जोडावी, आणि उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्जावरील टिपणीची प्रत मागावी. अशा मागणीला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेत बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन असा विषय आहे, हेही अर्जात नमूद करावे. (प्रत्येक विद्यापीठाची नियमावली वेगळी असते व ती बदलते, तेव्हा चालू नियम स्वतः पाहून घ्यावेत.)

आता माझे मत, जे सर्वांना पटेलच असे नाही. संशोधनाच्या आराखड्यात ‘आंतरविद्याशाखीय’ (अनेक शाखांना जोडणारा) हा शब्द मिरवू नये. एक मूळ विषय निवडावा आणि इतर विषयांची गरज उदाहरणातून दिसू द्यावी. त्यासाठी नागपूरकराने दूर जाण्याचे कारण नाही. 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर अनुसूचित जमातीचा दर्जा मागत आलेल्या गोवारी या गुराखी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जणांचा बळी गेला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या संघर्षांच्या मोजणीत, लढाईत वर्षाला किमान 25 मृत्यू झाले तरच तो सशस्त्र संघर्ष धरला जातो. येथे बळी त्याच्या चौपटीहून अधिक असले, तरी दोन सशस्त्र पक्षांची लढाई नसल्याने ही घटना त्या चौकटीत येत नाही. शांतता अध्ययनाचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1969 मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची, म्हणजे कोणा एका व्यक्तीकडून नव्हे तर समाजाच्या रचनेतूनच होणाऱ्या हानीची, कल्पना येथे उपयोगी पडते, मात्र तिच्या आधारे सगळ्याचे खापर ‘व्यवस्थे’वर फोडून मोकळे होणारे प्रबंध मला आळशी वाटतात. बंदोबस्त कसा होता, शिष्टमंडळाला कोण भेटले किंवा भेटले नाही, अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड गोवारी’ या नोंदीत गोवारी येतात की नाही, याचा अर्थ कोणी कसा लावला, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो रद्द ठरविला. म्हणजे बळी गेल्यानंतर पाव शतक उलटूनही मूळ वाद न्यायालयातच होता. कायदा, प्रशासन आणि गुराख्यांचे अर्थकारण एकत्र वाचल्याशिवाय हा संघर्ष उलगडत नाही, हे आराखडा तपासणाऱ्या समितीला वेगळे सांगावे लागणार नाही.

जाता जाता एक सूचना. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात गांधी व शांतता अध्ययनाचा विभाग आहे. मार्गदर्शक कोठलाही मिळो, तेथील प्राध्यापकांशी एकदा बोलून घ्यावे. आणि मृतांच्या कुटुंबीयांकडे दोन्ही निकाल वाचल्याशिवाय जाऊ नये, कारण ते पहिला प्रश्न जमातीच्या दाखल्यांचे पुढे काय होणार हाच विचारतील.