‘पडले’ म्हणून सांगितलं तर?

आत आल्यावर तिनं मास्क काढला नाही. बसता बसताच विचारलं, "मॅडम, ‘पडले, नाकाला लागलं’ असं सांगितलं तर चालेल ना?"

रूप बदलणारं ऑपरेशन करून घेणाऱ्यांची मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे नेहमी येतो. पापण्या असोत, पोट असो की केसांचं रोपण, भूल उतरते तशी एक धास्ती चढते: आता लोकांत जायचं कसं?

हिची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगतेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय ४१. नाकाचं ऑपरेशन होऊन ११ दिवस झालेले. खरं तर ते दोन महिने आधीच व्हायचं होतं, पण ऐन तारखेला ताप आला आणि पुढे ढकललं गेलं. आता आठ दिवसांवर थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न. न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मास्क काढला तेव्हा दिसलं, नाकावरचा साचा निघालेला, डोळ्यांखालचे काळेनिळे डाग पिवळटपणाकडे झुकलेले. हे डाग साधारण दोन आठवड्यांत विरतात, बरीचशी सूज काही आठवड्यांत ओसरते, शेंड्याची मात्र वर्षभरही रेंगाळू शकते, हे सर्जननं तिला आधीच सांगितलं होतं. म्हणजे लग्नात जाणारा चेहरा धड जुनाही नव्हता आणि पुरता नवाही नव्हता. डागांवर मेकअप कधी लावायचा, चष्मा नाकावर कधीपासून टेकवायचा, हे सर्जनलाच विचारायला सांगितलं. असल्या बाबतीत समुपदेशकानं शहाणपणा करू नये.

मग आम्ही पडण्याकडे वळलो. म्हटलं, "समजा, मी तुमची लांबची मावशी. अगं, नाकाला काय झालं?"

"पडले."

"कुठे?"

"जिन्यात."

"कधी? फ्रॅक्चर आहे का? एक्सरे काढलास? कुणाकडे दाखवलंस? आमच्या जाऊबाईंचा मुलगापण असाच..."

ती हसायला लागली आणि दुखलं म्हणून नाकाशी हात धरून थांबली. खोट्याची पंचाईत हीच. अपघात म्हटलं की सहानुभूती आली, आणि सहानुभूती कधी एकटी येत नाही, चौकश्या घेऊन येते. शिवाय तो जिना नवऱ्यानंही लक्षात ठेवायचा आणि सात वर्षांच्या लेकानंही. आईचं गुपित मुलाच्या डोक्यावर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि नुसता व्यवहार पाहिला तरी, तो ते पहिल्या तासातच फोडणार.

"मग काय, सगळ्यांना सांगत सुटू?"

तसंही नाही. खोटं सांगणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. मी कागद पुढे केला. ज्यांना सगळं सांगायला आवडेल अशी नावं लिहायला सांगितली. चार नावं आली. बाकी सगळ्या मांडवासाठी एकच उत्तर ठरलं: "हो, नाकाचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. तुम्ही कधी पोचलात?" यात खोटं काही नाही, आणि शेवटच्या प्रश्नानं चेंडू समोरच्याकडे जातो. ऐकायला सोपं, पण सरावात ती घसरायची. "श्वासाचा जरा त्रास होता, म्हणजे तसा फार नव्हता, पण डॉक्टर म्हणाले की..." प्रश्न चार शब्दांचा आणि खुलासा चार मिनिटांचा! खुलासा लांबला की ऐकणाऱ्याला वाटतं, इथं काहीतरी दडलंय. मी एकेका वाक्याला एकेक बोट मिटत बसायचे. दुसरं बोट मिटलं की थांबायचं.

तरी भीती होतीच. "लोक बघत राहतील हो." तेव्हा मी तिला १९८० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही जणांच्या चेहऱ्यावर रंगानं खोटा व्रण काढला, आरशात दाखवला, आणि तो नीट बसावा म्हणून थोडं क्रीम लावतो असं सांगून हळूच पुसून टाकला. त्यांना ते कळलंच नाही. मग एका अनोळखी माणसाशी गप्पा मारायला लावल्या. बाहेर आल्यावर त्यांचं म्हणणं, समोरच्याचं वागणं अवघडलेलं होतं, नजर सारखी व्रणाकडे जात होती. व्रण तर नव्हताच! तिनं दोनदा विचारलं, "नव्हताच?"

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मन उगाच खाली बसतं, ‘कशाला केलं’ वाटतं, हेही सांगून ठेवलं. त्यात कुणाची तिरकी नजर मिसळली की दोन्हींचा गुंता होतो.

लग्नानंतर चार दिवसांनी ती आली, आणि चक्क रागावलेली. तिघांनी विचारलं, ठरलेल्या उत्तरावर तिघंही आपापल्या प्रवासाबद्दल बोलायला लागले. एकीनं "केस कापलेस का? छान दिसतेयस" म्हटलं. बाकी कुणी काहीच नाही. "एवढं सोसलं मॅडम, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही!" मी हसू दाबलं. लपवायची धडपड आणि दिसावं ही इच्छा, दोन्ही एकाच वेळी असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण खरं दुखणं पुढे आलं. सगळं उरकल्यावर रात्री दोघी बहिणी केसांतल्या पिना काढत बसल्या होत्या. मांडवात मान वर करायला फुरसत नव्हती, ती बहीण आता आरशात तिच्याकडे बघून म्हणाली, "बाबांचं नाक होतं ते."

हिच्या तोंडून पाठ केलेलंच निघालं. "ऑपरेशन झालं, आता बरी आहे. तू..." आणि तिथंच अडलं. बहिणीचं नाक अगदी तसंच.

चार नावांत बहीण नव्हती. मी ते पाहिलं होतं. ती लग्नाच्या गडबडीत असेल, म्हणून नसेल लिहिलं, असं धरून चालले. विचारायला हवं होतं. ही चूक माझी. परक्यांसाठी तयारी करून घेण्यात मी एक तास घालवला, आणि तिच्यासारखाच चेहरा असलेल्या माणसाचा विचारच केला नाही. अशा माणसाला तुमचं ऑपरेशन स्वतःवरचा शेरा वाटू शकतो. त्यांना आधी सांगावं, शक्यतो ऑपरेशनच्याही आधी, आणि तिथं दोन बोटांचा हिशेब ठेवू नये.

पुढच्या रविवारी ती एकटीच बहिणीकडे गेली. शाळेत पडलेलं नाव, फोटोत मान वळवायची सवय, आणि ‘तू नको म्हणशील म्हणून नाही सांगितलं’ हेही, सगळं सांगितलं. बहीण बराच वेळ गप्प होती. मग स्वतःचा चष्मा काढून पुसत म्हणाली, "तुझा आता घसरेल बघ. आपल्या नाकावर कधी घसरला नाही."